नेट गेलं तर तास चालू राहील का?

*मी गणित आणि विज्ञान शिकवते, आणि शाळेची कॉम्प्युटर लॅबही माझ्याकडेच आहे. लॅबमध्ये १२ कॉम्प्युटर आहेत, बरेचसे जुने, ४ जीबी रॅमचे. एका वेळी २४ मुलं येतात, एका मशीनवर दोघं. नेट आहे, पण त्याचा भरवसा नाही. मुलांसाठी अभ्यासाचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आहे. मुख्याध्यापिकांचं म्हणणं, सगळं ऑनलाइनच घ्या. लॉगिन दिलं की मुलं घरूनही करतील आणि कोणी किती केलं ते आपल्याला दिसेल. माझे सहकारी म्हणतात, मशीनवरच बसवून घ्या, एकदाचं काम होऊन जाईल, नेटची कटकट नको. दोन्हीकडचे विक्रेते डेमो देऊन गेले आणि दोन्ही डेमो छानच झाले. आता मी काय निवडू? आणि जाता जाता आणखी एक: मुलांना पेनड्राइव्ह आणू द्यावा का?*
*– एक शिक्षिका*

नमस्कार,

डेमो छान झाले म्हणता, पण डेमो असतोच छान होण्यासाठी. ऑनलाइनवाले स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दाखवतात, मशीनवर टाकून देणारे स्वतःचा नवा लॅपटॉप घेऊन येतात. बाराही मशीन एकदम चालू आहेत, चोवीस मुलं एकाच मिनिटाला तेच बटण दाबताहेत आणि मागच्या रांगेतून कोणीतरी "मॅडम, आमचं नुसतं फिरतंच आहे" म्हणून ओरडतंय, हा प्रसंग कुठल्याच डेमोत नसतो. तुम्हाला निवड करायची आहे ती त्या प्रसंगासाठी.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तासाला जे लागतं ते लॅबच्या चार भिंतींच्या आतच ठेवा: काही प्रत्येक मशीनवर, काही लॅबमधल्याच एका कॉम्प्युटरवर. ऑनलाइन घ्या ते घरच्या सरावासाठी, आणि त्यातही जे आधी उतरवून ठेवलं की नेटशिवाय चालतं तेच. म्हणजे माझं मत तुमच्या सहकाऱ्यांकडे थोडं जास्त झुकतं. त्यांचं "एकदाचं काम होऊन जाईल" मात्र मला अजिबात मान्य नाही. त्यावर पुढे बोलूच.

ऑनलाइन आणि बसवलेलं असे दोन स्वच्छ कप्पे आता राहिलेलेच नाहीत. मशीनवर बसवलेलं म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर उघडताना लॉगिन मागतं, लायसन्स तपासायला अधूनमधून नेट शोधतं आणि नेट नाही मिळालं की रुसून बसतं. दुसरीकडे ऑनलाइन म्हणवणारं एखादं अ‍ॅप धडे उतरवून ठेवू देतं आणि नेट आलं की मुलांची उत्तरं गुपचूप पाठवून देतं. त्यामुळे पाकिटावर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

उदाहरणाला स्क्रॅच घ्या, कारण ते तुमच्या लॅबमध्ये आज ना उद्या येणारच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेलं हे प्रोग्रॅमिंगचं साधन वेबसाइटवर ब्राउझरमध्ये चालतं आणि मशीनवर टाकायचं वेगळंही मिळतं. दिसायला दोन्ही सारखी. ब्लॉक तेच, मांजर तेच. फरक पडतो तो काम सेव्ह करताना. वेबसाइटवर लॉगिन करून केलं तर प्रोजेक्ट मुलाच्या खात्यात जातो. उद्या ते मूल दुसऱ्या मशीनवर बसलं तरी सापडतो. लॉगिन न करता केलं तर त्याची 'स्क्रॅच प्रोजेक्ट' नावाची फाइल होते आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. पुढच्या तासाला बसलेल्या जोडीची फाइलही त्याच नावाची, फक्त शेवटी कंसात १. त्यापुढच्या जोडीची कंसात २. महिन्याभराने तो फोल्डर उघडला की कंसातला आकडा सतरावर पोचलेला असतो आणि त्यातली आपली फाइल कुठली हे शोधण्यात दोघांचा अर्धा तास जातो. मग काही मुलं कंटाळून नव्याने सुरुवात करतात. काही दुसऱ्याच जोडीच्या फाइलवर आपलं काम चढवतात आणि ते भांडण तुमच्या टेबलावर येतं. सॉफ्टवेअर चांगलं होतं, नेटचा तर संबंधच नव्हता, तरी तास गेला.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही असो, विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो: मुलाने केलेलं काम कुठे साठतं आणि पुढच्या वेळी ते मूल ते कसं उघडणार? "सगळं क्लाउडवर असतं, मॅडम" हे उत्तर धरू नका. "सगळं तुमच्याच मशीनवर राहतं" हेही नको. मुलाच्या जागी बसून करून दाखवायला सांगा: काम अर्धवट सोडा, मशीन बंद करा, शेजारच्या मशीनवर जा आणि तिथून पुढे चालू करा. बरेच विक्रेते इथेच अडखळतात. मशीनवरच काम ठेवायचं ठरलं तर प्रत्येक जोडीला वर्षभर एकच मशीन, इयत्तेचा एक फोल्डर, त्यात जोडीचा एक आणि फाइलच्या नावात तारीख, एवढी शिस्त पहिल्याच आठवड्यात लावून टाका. नंतर लागत नाही.

आता नेटचं बघू. "स्पीड किती आहे" हा प्रश्न सगळे विचारतात, पण एका मशीनवर मोजलेल्या स्पीडला लॅबमध्ये फारसा अर्थ नाही. साध्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला दीड मेगाबिट लागतात असं धरा. बारा मशीनवर एकदम व्हिडिओ लावला की सेकंदाला १८ मेगाबिट लागले, तेही सलग, मध्ये न अडखळता. ४५ मिनिटांच्या तासाला एका मशीनचे साधारण ५०० एमबी होतात, बारांचे मिळून ६ जीबी. म्हणजे तोच एक व्हिडिओ तुम्ही एकाच तासात बारा वेळा उतरवला, आणि पुढच्या तुकडीला पुन्हा बारा वेळा उतरवणार. लॅबमध्ये एकदा आणून ठेवला असता तर अर्ध्या जीबीत वर्षाचं काम झालं असतं.

याउलट, बहुपर्यायी प्रश्नांचा सराव, शब्दखेळ, गणिताची उदाहरणं असल्या गोष्टींना नेट अगदी थोडं लागतं. तुमचं नेट मंद असेल तरी त्या ऑनलाइन चालतील. तिथे त्रास वेगळाच: नेट मध्येच गेलं तर आधी दिलेली उत्तरं राहतात का? हे कळायला एकच उपाय आहे. चाचणी लावा, पाचव्या प्रश्नाला वायर काढा, दोन मिनिटांनी परत लावा. चांगलं सॉफ्टवेअर पाचव्या प्रश्नावरच थांबलेलं दिसेल किंवा नेट नसतानाही सहावा प्रश्न देईल. वाईट सॉफ्टवेअर पहिल्या पानावर नेऊन पुन्हा पासवर्ड मागेल. बारा वर्षांच्या मुलाला आपले दहा बरोबर आलेले प्रश्न पुन्हा सोडवायला सांगून बघा, म्हणजे कळेल की या एका गोष्टीला मी इतकं महत्त्व का देतो.

जुन्या मशीनबद्दल दोन्हीकडून तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं असणार. ऑनलाइनवाले म्हणतात, "आमचं कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं, फक्त ब्राउझर लागतो." तो "फक्त ब्राउझर"च जुन्या मशीनचा जीव काढतो. ४ जीबी रॅममध्ये विंडोज स्वतःच बरीचशी जागा धरून बसतं. त्यावर क्रोमचे चार टॅब उघडले, त्यातला एक व्हिडिओचा असला, की माउस हलायला वेळ लागतो. शिवाय ब्राउझरही म्हातारा होतो. क्रोमने २०२३च्या सुरुवातीला विंडोज ७ची साथ सोडली, आणि विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. तुमच्या मशीनवर यातलं कुठलं आहे ते आजच बघून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. विंडोज ११ला निदान ४ जीबी रॅम लागतेच, शिवाय प्रोसेसर आणि सुरक्षेच्या चिपच्या अटी आहेत. त्यात जुनी मशीन सहसा बसत नाहीत. विंडोजच्या जागी हलकं लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं तर ही मशीन अजून काही वर्षं निघतील आणि जीकॉम्प्रिस (अभ्यासाचे खेळ), टक्स पेंट (चित्रकला), जिओजेब्रा (गणित), लिबरऑफिस (लिखाण, तक्ते) ही सगळी त्यावर चालतात. ज्यांना लिनक्सची भीती वाटते ती मोठी माणसं असतात. मुलांना आयकॉन कुठे आहे एवढंच हवं असतं.

बसवून देणारे काय लपवतात? त्यांचं सॉफ्टवेअर आज चालतं, पण कशाच्या जोरावर चालतं ते सांगत नाहीत. ब्राउझरमध्ये खेळ आणि हलती चित्रं चालवणाऱ्या फ्लॅशचं काय झालं आठवतं? एके काळी अभ्यासाच्या खेळांतले, हलत्या चित्रांतले कितीतरी फ्लॅशवर उभे होते, ऑनलाइनही आणि सीडीवर मिळणारेही. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेअर फ्लॅशचं काहीही चालवेनासा झाला. ब्राउझरांनीही तो काढून टाकला. त्यावर उभं असलेलं खूपसं साहित्य तिथेच थांबलं. म्हणून विक्रेत्याला विचारा की शेवटचं अपडेट कधी आलं, आणि मशीन फॉरमॅट मारलं किंवा हार्ड डिस्क बदलली तर लायसन्स परत मिळतं का. लायसन्स मशीनला बांधलेलं असलं आणि मशीन गेलं, की तुम्ही विकत घेतलेली गोष्टही गेली. सोबत यूएसबीची 'किल्ली' (जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) देत असतील तर ती हरवल्यावर काय, हेही लेखी घ्या. लॅबमध्ये बोटाएवढी वस्तू किती दिवस टिकते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि आता ते "एकदाचं काम". बारा मशीनवर सॉफ्टवेअर टाकणं हे बारा वेळा करायचं काम आहे, आणि अपडेट आलं की पुन्हा बारा वेळा. मध्येच एका मशीनवर जुनी आवृत्ती राहते, तिथल्या जोडीला बटण सापडत नाही आणि "आमच्याकडे हे नाहीच" सुरू होतं. यावर उपाय आहेत. एक मशीन नीट तयार करून त्याची पूर्ण प्रत बाकीच्यांवर उतरवता येते, म्हणजे क्लोन. मुलांना साधं खातं द्यायचं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे आणि आणखी एका जबाबदार माणसाकडे. काही लॅबमध्ये रीस्टार्ट केल्यावर मशीन पुन्हा होतं तसं करणारं सॉफ्टवेअर टाकतात. ते कामाचं आहे, मुलांनी कितीही उलथापालथ केली तरी सकाळी सगळं जागच्या जागी असतं. फक्त ते टाकताना मुलांचं काम ज्या ड्राइव्हवर साठतं तो वेगळा ठेवून वगळलेला आहे ना, ते स्वतः तपासा. नाहीतर मुलांनी आठवडाभर केलेलं काम रीस्टार्टबरोबर पुसलं जाईल आणि रीस्टार्ट कोणी केलं यावरून चौकशी बसेल. हे सगळं करायला महिन्यातून अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस कोणाचा, हे सॉफ्टवेअर घेण्याआधी मुख्याध्यापिकांकडून ठरवून घ्या. तुमच्या वेळापत्रकात तो धरलेला नसेल तर बसवलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या सत्रात बंद पडणार, आणि दोष तुमच्या माथी येणार.

ऑनलाइनमध्ये हा त्रास नाही, हे कबूल करायला हवं. मुख्याध्यापिकांच्या बाजूचा तो सर्वांत भक्कम मुद्दा आहे. अपडेट तेच करतात, बॅकअपही तेच घेतात. त्या बदल्यात सूत्रं त्यांच्या हातात जातात. रात्रीत पडद्याची मांडणी बदलते आणि सकाळी तुम्ही फळ्यावर लिहून ठेवलेल्या पायऱ्या चुकीच्या ठरतात. फुकट असलेलं पुढच्या वर्षी फुकट राहत नाही. कधी दुकानच बंद होतं: एडमोडो हे ऑनलाइन वर्ग चालवायचं साधन जगभर शिक्षक वापरत होते, २००८ पासून चालू होतं, २२ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं. आधी कळवलं होतं, पण वर्षानुवर्षं तिथे रचलेले वर्ग आणि प्रश्नसंच दुसरीकडे हलवण्याचं काम शेवटी शिक्षकांच्याच गळ्यात पडलं. त्यामुळे ऑनलाइन काही घेतलंच तर निकाल आणि प्रश्न साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का ते बघा, आणि येत असतील तर दर सत्राच्या शेवटी काढून ठेवा.

तुमच्या दोन्ही बाजूंनी सांगितला नसेल असा एक तिसरा मार्ग आहे, आणि तुमच्यासाठी मला तोच योग्य वाटतो. लॅबमधला त्यातल्या त्यात बरा कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवायचा, त्यावर सगळं साहित्य एकदाच आणायचं आणि बाकीच्या मशीननी केबलवरून ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता उघडायचा. मुलांना ते ऑनलाइनसारखंच दिसतं: लॉगिन, धडे, सराव. फक्त यात बाहेरचं नेट कुठेच येत नाही.

यासाठी कोलिब्री हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. लर्निंग इक्वालिटी या ना-नफा संस्थेचं. याच मंडळींनी २०१२ मध्ये खान अकॅडमी या फुकट ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेचे धडे नेटशिवाय चालवण्यासाठी केए लाइट काढलं होतं. कोलिब्री ही त्याची पुढची पिढी. त्यात विषयांचे 'चॅनल' असतात. हवे ते चॅनल नेट चांगलं असेल त्या दिवशी उतरवायचे, नाहीतर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून हार्ड डिस्कवर आणायचे. मुलांची खाती तुम्हीच बनवता, वर्ग पाडता, धडे आणि चाचण्या नेमून देता आणि कोण कुठे अडकलंय ते शिक्षकाच्या पानावर दिसतं. मुख्याध्यापिकांना हवं असलेलं "कोणी किती केलं" इथेच मिळालं, आणि ती माहिती लॅबच्या बाहेर गेली नाही. सर्व्हरला फार ताकद लागत नाही. रास्पबेरी पायसारख्या तळहातावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवरही लोक ते चालवतात.

त्याच सर्व्हरवर किविक्स टाका. अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये मिळतो आणि नेटशिवाय वाचता येतो. इंग्रजीचा चित्रांसकट १०० जीबीच्या आसपास जातो, मराठीचा त्याच्या मानाने अगदी लहान. तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून फेट या विज्ञानाच्या प्रयोगांच्या संग्रहाचं नाव आवर्जून घेतो. भौतिकशास्त्राचं २००१चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. विद्युतमंडल, घनता, अपूर्णांक, लंबक असे प्रयोग मुलं पडद्यावर स्वतः करून बघतात आणि बऱ्याच प्रयोगांची भाषांतरं आहेत, मराठीतलीही. गणितासाठी जिओजेब्रा मशीनवरच टाका. २००१ पासून आहे, भूमितीला त्याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही, आणि बसवलेली आवृत्ती ब्राउझरमधल्यापेक्षा जुन्या मशीनवर सुखाने चालते.

सर्व्हरच्या मार्गातही गोम आहे. सर्व्हर बंद पडला की सगळीच मशीन एकदम बंद. म्हणून त्याला यूपीएस लावा, त्याच्यावर मुलांना बसवू नका (दोन मशीनवर तिघं बसतील, तेवढं चालवून घ्या) आणि आठवड्यातून एकदा त्याच्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. वायफायवर भिस्त ठेवू नका. घरगुती राउटरवर बारा मशीन एकदम व्हिडिओ ओढायला लागली की तोही धापा टाकतो. तुमचे डेस्कटॉप आहेत, तर सगळ्या केबल एकत्र जोडणारा एक साधा नेटवर्क स्विच आणि केबल, विषय संपला. आणखी एक: तयार साहित्य तुमच्या अभ्यासक्रमाच्या क्रमाने नसतं. कुठला व्हिडिओ कुठल्या धड्याला लावायचा ही जुळणी तुम्हालाच करावी लागेल. विकतच्या पॅकेजमध्ये ती करून मिळते, आणि तुमचा वेळ खरंच अपुरा असेल तर त्यासाठी पॅकेज घेणं चूक नाही. फक्त तेही लॅबमधल्या सर्व्हरवर चालतं का, ते विचारा. बऱ्याच कंपन्या तशी आवृत्ती देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

घरच्या अभ्यासाचं काय? मुख्याध्यापिका म्हणतात तसं लॉगिन देऊन टाकणं सोपं आहे, पण घरी मोबाइल कोणाचा असतो? बहुतेक ठिकाणी तो आई-बाबांचा असतो, संध्याकाळी उशिरा हाती येतो आणि दोन भावंडांत वाटला जातो. त्या अर्ध्या तासात नेट चालत असेलच असं नाही. म्हणून घरासाठी जे घ्याल त्यात धडा आधी उतरवून ठेवता आला पाहिजे आणि कमी मेमरीच्या फोनवरही ते उघडलं पाहिजे. मूडल हे धडे आणि चाचण्या देण्याचं सॉफ्टवेअर २००२ पासून जगभरच्या शाळा-कॉलेजांत आहे. त्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडे उतरवून ठेवता येतात आणि शिक्षकाने परवानगी दिली असेल तर चाचणीसुद्धा नेटशिवाय सोडवून नंतर पाठवता येते. अर्थात मूडल चालवायला कोणीतरी जाणकार लागतो, आणि बाहेरून उघडायचं तर ते इंटरनेटवरच ठेवावं लागतं. एवढं मनुष्यबळ नसेल तर घरचा अभ्यास वहीवर द्या. मी हे गमतीने म्हणत नाही. ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलाच्या नावापुढे रोज "०% पूर्ण" दिसणार असेल, तर तो आकडा बघून तुम्ही त्याच्याबद्दल काय ठरवणार आहात?

मुलांच्या माहितीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार. ऑनलाइन सेवेला तुम्ही मुलाचं नाव, वय, इयत्ता, कधीकधी फोटो आणि पालकांचा नंबर देता. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतली सरकारांनी पुरस्कार केलेली ऑनलाइन शिक्षणाची साधनं तपासली, तर त्यांतली जवळपास ८९ टक्के मुलांच्या माहितीशी खेळ करणारी किंवा तो धोका असलेली निघाली. त्यात कितीतरी जाहिरातवाल्यांना माहिती पुरवत होती. म्हणून सेवा कोणतीही असो, खरी नावं देऊ नका. "७ब-१४" अशी खूण पुरते. कोणाची कुठली ते तुमच्या वहीत. पालकांना आधी कळवा आणि त्यांची संमती घ्या. मशीनवरचं सगळं आपोआप सुरक्षित, असं मात्र समजू नका. सर्व्हरचा पासवर्ड मॉनिटरवर चिठ्ठी लावून चिकटवला असेल तर त्यापेक्षा क्लाउड बरा.

आता करायचं काय? एकदम काही विकत घेऊ नका. आधी आहे त्याच मशीनवर कोलिब्री, जिओजेब्रा आणि स्क्रॅच टाका, एकाच इयत्तेसाठी, एका सत्रापुरतं. त्याच काळात ऑनलाइनवाल्यांकडून चाचणीपुरती खाती मागून घ्या आणि तुमच्याच लॅबमध्ये, पूर्ण वर्ग बसलेला असताना, त्यांच्या माणसाला समोर उभं करून एक तास घ्या. त्याने हॉटस्पॉट लावायचा नाही. तासाच्या मध्ये वायर काढायची परवानगी आधीच घेऊन ठेवा. मुख्याध्यापिकांनाही त्या तासाला बोलवा, म्हणजे नंतर त्यांना तुम्ही समजावत बसायची गरज उरणार नाही. सत्र संपल्यावरही तुम्हाला ऑनलाइनचंच बरं वाटलं, नेटने तोपर्यंत साथ दिली, तर खुशाल ते घ्या. माझं मत तुमच्या आजच्या बारा मशीनसाठी आणि आजच्या नेटसाठी आहे. उद्या दोन्ही बदलली तर मीही बदलेन.

राहिला पेनड्राइव्ह. मुलांचे नकोत. एका मुलाच्या घरच्या कॉम्प्युटरवरचा व्हायरस बारा मशीनवर पोचायला एक तास पुरतो, आणि तुमचा सर्व्हर त्याच नेटवर्कवर असणार आहे. मुलांच्या खात्यांवर यूएसबी बंदच करून टाका. काम घरी न्यायचं असेल तर लॅबचे दोन-तीन पेनड्राइव्ह ठेवा, परत आले की आधी तुमच्या मशीनवर स्कॅन करा, मगच पुढे जाऊ द्या. कोणी कधी नेला ते वहीत मांडा आणि त्यावर ठळक रंगाची फीत चिकटवा, नाहीतर तो कोणाच्या तरी दप्तरात कायमचा मुक्कामाला जाईल.